चिखलात मालक नसतो

व्हिएन्नाहून आलेले पाकीट तेक्लाने भावाच्या आधी फोडले. यात नवल काहीच नव्हते. भाऊ घोडदळात असताना राइनशाखची जमीन, जंगल, सात तळी आणि त्यांतले मासे सोळा वर्षे तिनेच सांभाळले होते. पाकिटे फोडण्याचा हक्क तिने तेव्हाच घेऊन टाकला होता आणि तो परत करण्याचा तिचा विचार नव्हता. न्याहारीच्या टेबलापाशी उभ्या उभ्याच तिने कागद वाचला आणि चष्म्यावरून भावाकडे पाहिले.

"एमरिख, पदकाच्या अर्जात तू लिहिलं होतंस तरी काय?"

"जे घडलं ते," काउंट एमरिख फॉन राइनशाख म्हणाला आणि पावाला लोणी लावू लागला.

"मग ऐक. 'लेफ्टनंट ब्रांडिस, सार्जंट ग्राट्सल, बिगुलवाला माउरर व इतर अकरा जणांच्या शौर्याबद्दल मंडळाला आदर वाटतो. परंतु अर्जदाराने स्वतः काय केले, याचा अर्जात कोठेही उल्लेख सापडत नाही.'" तिने कागद टेबलावर आपटला. "अरे, स्वतःसाठी अर्ज केलास की दुसऱ्यांच्या सोयरिकी जुळवत होतास?"

काउंट लोणी लावत राहिला. ते पावाच्या दोन्ही बाजूंना लागले.

आता या पदकाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्याची रीत जगावेगळी. महाराणी मारिया थेरेसाच्या नावाचे हे पदक सैन्यातले सगळ्यांत मोठे. पण ते कोणी आपण होऊन देत नाही. ज्याचे त्याने मागायचे. तेही अशा कामासाठी, जे करायला कोणी सांगितले नव्हते आणि जे केले नसते तरी कोणी बोट दाखवले नसते. वर साक्षीदार आणायचे, नकाशा जोडायचा, आणि व्हिएन्नात बसलेल्या म्हाताऱ्या सेनापतींना पटवायचे की बाबांनो, मी शूर आहे. इकडे राइनशाख घराण्याची शिकवण अशी की जेवणाच्या टेबलावर जो स्वतःबद्दल दोनदा बोलला, त्याचे ताट उचलावे. लहानपणी एमरिखचे ताट एकदा उचलले गेले होते. तो आठ वर्षांचा होता आणि तट्टावरून पहिल्यांदा कुंपण ओलांडून आला होता. त्या दिवसापासून त्याने स्वतःबद्दल बोलणे सोडले ते सोडलेच. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

बरे, पदक नको म्हणून गप्प बसावे, तर तसेही चालणार नव्हते. हुकुमावाचून केलेल्या कामाला एक तर पदक मिळते, नाही तर ठपका. मधली वाट नाही. त्याच्या कर्नलने अहवाल आधीच दिला होता. 'कॅप्टन राइनशाख याने हुकुमाशिवाय जागा सोडली, तुकडी दलदलीत घातली आणि एकतीस माणसे वाया घालवली.' ऑक्टोबरअखेर नवा अर्ज गेला नाही, तर रेजिमेंटच्या इतिहासात हेच वाक्य कायमचे छापले जाणार होते. त्या एकतीसांपैकी एकोणीस जण राइनशाखच्या आसपासच्या गावांतले होते. 'वाया' हा शब्द गावात कधीच येऊन पोहोचला होता.

तो सगळ्यांत जास्त लागला रोझिना कायस्लरला. ती विधवा होती, आणि किलियान तिचा एकुलता एक. वीस वर्षांचा, त्या एकोणिसांतला. दुसऱ्या रेजिमेंटमधल्या कुणा शिपायाने तिला जाता जाता सांगितले होते की दलदल किती खोल आहे हे पाहायला काउंटने पोरांना पुढे घातले आणि स्वतः कोरड्यात उभा राहिला. तेव्हापासून काउंटची घोडागाडी आली की ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहायची. गेल्या ईस्टरला चर्चच्या दारात, चारचौघांत, तिने त्याला अडवले होते.

"मालक, माझ्या पोराला दलदलीत कुणी घातलं?"

काउंटने टोपी काढली. "तुकडी माझ्या शब्दावर उतरली, कायस्लरबाई. दोष कुणाचा असेल तर माझा."

हे खरे होते, आणि खऱ्याच्या निम्मेसुद्धा नव्हते. रोझिनाने त्याच्या पायांपाशी पाहिले, थुंकली नाही एवढेच, आणि निघून गेली. वाचून परत आलेली सहा माणसे गावात होती. त्यांनी खरे सांगितले असते. पण काउंटने त्यांना बजावले होते, की मेलेल्यांच्या जिवावर गुत्त्यात बढाया मारायच्या नाहीत, लढाईबद्दल अवाक्षर काढायचे नाही. शिपाईच ते. त्यांनी हुकूम पाळला.

"नवा अर्ज लिही," तेक्ला म्हणाली. "अजून सोळा दिवस आहेत."

"नाही ताई."

"का पण?"

"काय करू? त्या बाईसमोर छातीवर पदक लावून मिरवू? तिचं पोर मातीत आणि मी दिमाखात?" त्याने लंगडा पाय टेबलाखालून ओढून घेतला. "छापू दे त्यांना काय छापायचं ते."

"म्हणजे तू तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणार. खा. पण तुझ्याबरोबर ती एकोणीस पोरंही खातायत, त्याचं काय?"

यावर काउंट उठला आणि घोडे बघायला निघून गेला. उत्तर नसले की तो घोडे बघायला जात असे. त्या वर्षी घोड्यांची फार निगा राखली गेली.

तेक्ला मात्र थेट मोठ्या तळ्यावर गेली. तीन आठवड्यांपासून बांधाच्या दाराची एकेक फळी काढून तळ्याचे पाणी सोडणे चालू होते. पाणी उतरत उतरत आता फक्त बांधाजवळच्या खोलगट भागात उरले होते, आणि त्यात कार्प मासे इतके दाटले होते की पाण्याची पाठ हलत होती. बांधावर वेंझेल ग्राट्सल पाइप ओढत बसला होता. पूर्वी तो काउंटच्या तुकडीत सार्जंट होता. आता तळ्यांचा मुकादम.

"वेंझेल, मला होर्काच्या कुरणातल्या त्या लढाईची हकिगत पाहिजे. शपथेवर. तुझी आणि पाचही जणांची. साक्षीला अधिकारी उरला नसेल तर शिपायांची शपथ चालते. मी विचारून घेतलंय."

वेंझेलने पाइप काढला. "बाईसाहेब, माझी जीभ सव्वा वर्ष शिवशिवतेय. पण मालकांचा हुकूम आहे. मी मोडणार नाही."

"गुरुवारी तळ्यात जाळं पडणार ना?"

"पडणार."

"मग गुरुवारी तळ्यात हुकूम कुणाचा?"

वेंझेल आधी तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या मिशा हळूहळू वर गेल्या आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

राइनशाखच्या तळ्याची एक रीत होती. पहिला दोर ओढल्यापासून शेवटची टोपली बाहेर पडेपर्यंत तळ्यात शब्द चालायचा तो फक्त मुकादमाचा. जमीनदारानेही पहिल्या दोराला हात लावायचा, चिखलात उतरायचे, आणि सांगेल ते करायचे. तिथे कोणी सरकार नाही, कोणी मालक नाही. काउंटच्या वडिलांनी एकदा घाईत दोर सोडला, तेव्हा त्या वेळच्या मुकादमाने त्यांना अख्ख्या गावासमोर गाढव म्हटले होते, आणि वडिलांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले होते. मुकादमाचा शब्द जो मोडेल त्याला त्या वर्षी मासा नाही, आणि गावभर हसे होईल ते वेगळे.

गुरुवारी सकाळी सगळा गाव बांधावर लोटला. बायका लाकडी पिंपांपाशी उभ्या होत्या, मासे मोठे-लहान वेगळे करायला. रोझिनाही होती, बाह्या वर खोचून. मासे निवडण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते, आणि काउंटवरचा राग तिने माशांवर कधी काढला नाही. नोटरी प्लांकसुद्धा आला होता. तो दरवर्षी यायचा, कारण दरवर्षी त्याला एक जाडजूड कार्प भेट मिळायचा. या वेळी तेक्लाने माशाऐवजी त्याच्या हातात कागद आणि दौत दिली.

"हे काय, बाईसाहेब?"

"आधी काम, मग मासा. कानावर पडेल ते सगळं लिहायचं. एक अक्षर सुटता कामा नये."

काउंट मांडीपर्यंतचे चामडी बूट चढवून चिखलात उतरला. लंगड्या पायाने दोनदा धडपडला; दोन्ही वेळा जो जवळ होता त्याने काखेत हात घालून सावरले. तीस माणसे दोराला लागली. जाळ्याचा गोल लहान लहान होत गेला. मासे उसळू लागले, शेपट्यांचे फटके बसू लागले, पाणी तोंडावर उडू लागले. काउंटच्या हातात दोराचे टोक होते, आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा तो मोकळेपणी हसत होता. चिखलात तो सुखी असायचा. चिखल काही विचारत नाही.

"थांबा!" वेंझेल ओरडला. "आहे तिथेच थांबा. दोर ताणून धरा. जो सोडेल त्याच्यामुळे पाचशे मासे जातील!"

तीस माणसे जागच्या जागी थिजली. जाळ्यात तळे नुसते उकळत होते. वेंझेल मधोमध उभा राहिला, कमरेवर हात ठेवून.

"एमरिख!"

बांधावरच्या बायकांचे हात पिंपांवरच थांबले. रीत खरी, पण नावाने हाक इतक्या वर्षांत कोणी मारली नव्हती.

"काय रे?" काउंट म्हणाला.

"होर्काच्या कुरणात पहिला घोडा कुणाचा उतरला?"

काउंटचा चेहरा उतरला. "वेंझेल, मी तुला बजावलं होतं—"

"बजावलं होतंस ते कोरड्यात. इथे मी विचारतोय. दोर सोडू नकोस! पहिला घोडा कुणाचा?"

काउंटने मान वळवली. दोर सोडता येईना, तोंड लपवता येईना. त्याने बांधाकडे पाहिले, आणि दिसली ती रोझिना. तिच्या दोन्ही हातांत एक मोठा मासा तडफडत होता आणि तिचे त्याच्याकडे लक्षच नव्हते.

"हा सांगायचा नाही," वेंझेल म्हणाला. "याचं ताट उचलतील. माउरर, तू सांग."

बिगुलवाला माउरर दोराला लटकल्यासारखा उभा होता. तो घसा साफ करून म्हणाला, "आम्ही गिरणीपाशी होतो. पिठाच्या गाड्या राखत. समोर कुरण, पलीकडे पूल. पुलावर आपल्या जखमींच्या गाड्या अडकलेल्या, हजार-बाराशे माणसं. कण्हणं ऐकू यायचं. आणि वरच्या रस्त्यानं शत्रूचं, प्रशियाचं घोडदळ येताना दिसलं."

"कर्नल म्हणाले होते, कुरणातून घोडं जाणारच नाही," दुसऱ्या टोकाकडून त्या सहांतलाच पेख ओरडला. "नकाशावर लिहिलंय म्हणे, दलदल!"

"हुकूम मागायला दोनदा माणूस पाठवला. एकही परत आला नाही," माउरर पुढे म्हणाला.

"मग?" वेंझेल म्हणाला. "मग कोण उतरलं?"

"हा! हा उतरला!" पाचही जण एकदम ओरडले. इतके दिवस कोंडलेले ते, बांध फुटल्यासारखे बाहेर आले. "एकटा! आम्हाला म्हणाला, हलायचं नाही. घोडा चालवत गेला, वरून गोळ्या येतायत आणि हा खाली बघतोय. गवत बघतोय!"

"लव्हाळा बघत होतो," काउंट नकळत म्हणाला.

"हां! आता बोलला!" वेंझेल म्हणाला. "का बघत होतास?"

"लव्हाळा उभा असतो तिथे तळ घट्ट असतो. हिरवीगार मऊ मखमल दिसते तिथे तळच नसतो." त्याने मानेनेच तळ्याकडे दाखवले. "हे इथलं प्रत्येक पोर जाणतं. कर्नल डोंगराकडचे. त्यांना कुठून ठाऊक असणार?"

"पलीकडे गेला, परत आला," माउरर म्हणाला. "परत आला हो! टोपीला भोक पडलं होतं. म्हणाला, 'माझ्या घोड्याच्या खुरांवर खूर ठेवून या.' आणि पुन्हा पुढे निघाला."

"दलदलीत किती माणसं गेली?" वेंझेलने विचारले. त्याने ते बांधाकडे तोंड करून विचारले.

"एकही नाही."

"मोठ्यानं!"

"एकही नाही! नव्वद घोडी उतरली, नव्वद पलीकडे गेली! जे गेले ते पुलापाशी गेले, कोरड्या जमिनीवर, तलवार हातात असताना. तीन वेळा चढाई केली. तासभर रस्ता रोखला. शेवटची गाडी पूल ओलांडून गेली तेव्हाच बिगुल वाजवला मी."

नोटरी प्लांक पिंपाच्या झाकणावर कागद ठेवून इतक्या वेगाने लिहीत होता की त्याच्या नाकाला शाई लागली होती.

"आणि याच्या मागून पहिला कोण गेला?" वेंझेलचा आवाज आता बसला होता. "मी सार्जंट, मी जाणार होतो. पण माझ्याआधी एकानं घोडा घातला. हसत होता. म्हणाला, 'अहो, हे तर आपल्या मोठ्या तळ्यासारखंच आहे!' तो किलियान होता. किलियान कायस्लर."

रोझिनाच्या हातातला मासा सुटला आणि धप्पदिशी गवतात पडला. कोणी उचलला नाही. ती बांधावरून खाली उतरली, सरळ चिखलात, घागरा वर न घेता. बायका त्या दिवशी चिखलात उतरत नसत, पण तिला कोण अडवणार? गुडघाभर गाळ तुडवत ती काउंटसमोर येऊन उभी राहिली.

"खरं आहे हे?"

"खरं आहे."

"सव्वा वर्ष मी तुम्हाला शिव्याशाप देतेय. रोज. सकाळी उठून आधी तो उद्योग, मग गाईचं दूध. आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"तुमचा मुलगा गेला होता, बाई. मी जिवंत होतो. माझी फुशारकी तुम्हाला काय सांगायची?"

"फुशारकी?" तिने ओल्या हातांनी त्याची कॉलर धरली. काउंटचे दोन्ही हात दोरात. तो हलू शकत नव्हता. "ती तुमची फुशारकी नव्हती! ती माझ्या पोराची शेवटची बातमी होती. हसत होता म्हणतोय हा. हसत होता! आणि ते तुम्ही माझ्यापासून दडवून ठेवलंत?"

काउंटच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. हात मोकळे नव्हते, त्यामुळे ते सगळ्यांना दिसले. शत्रूच्या गोळ्यांनी जे झाले नाही ते त्या एका वाक्याने झाले. आपण मोठेपणा केला असे त्याला इतके दिवस वाटत होते. आता कळले की या बाईची सर्वांत मोलाची वस्तू आपण आपल्या घरंदाजपणाच्या पेटीत कुलूप लावून ठेवली होती.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "फार चुकलं."

"चुकलंच," रोझिना म्हणाली आणि कॉलर सोडून एप्रनने आधी आपले, मग त्याचे तोंड पुसले. एप्रन चिखलाने भरलेला होता. दोघेही आणखी माखले.

"बास झालं रडणं!" वेंझेल गरजला. त्याच्या स्वतःच्या मिशा भिजलेल्या होत्या. "ओढा! मासे काय आपली वाट बघत बसलेत?"

तीस माणसांनी असा दोर ओढला की जाळे उडत काठाला आले. सोनेरी, चिखलाळ, हातभर लांब कार्प एकावर एक लोळू लागले, आणि बांधावर जो आरडाओरडा उठला तो तीन गावे पलीकडे ऐकू गेला म्हणतात. राइनशाखच्या मोठ्या तळ्यात इतका मासा त्याआधी कोणी पाहिला नव्हता. निदान त्या दिवशी सगळ्यांचे तेच म्हणणे होते.

शेवटची टोपली मात्र वेंझेलने मुद्दाम पाण्यातच ठेवली. नोटरीला खाली बोलावले. सहा जणांनी बोटे वर करून शपथ घेतली, चिखलाच्या हातांनी सह्या केल्या. ज्याला लिहिता येत नव्हते त्याने अंगठा दाबला.

"आता तू," वेंझेल काउंटला म्हणाला. "शेवटची टोपली अजून आत आहे. हुकूम माझा आहे."

"वेंझेल, मी—"

"हुकूम मोडायची सवय आहे तुला, ठाऊक आहे मला. पण या वेळी मोडलास तर मासा नाही मिळणार."

सगळा बांध हसला. काउंटने रोझिनाकडे पाहिले. ती म्हणाली, "करा सही. माझ्या पोराला वाया गेला म्हणून छापणार आहेत ते." तेव्हा काउंट एमरिख फॉन राइनशाखने स्वतःच्या शौर्याखाली स्वतःची सही केली, आणि तेक्लाने शाई वाळायच्या आत कागद खेचून घेतला. त्याला विचार बदलायला वेळ द्यायची तिची तयारी नव्हती. ती त्याच संध्याकाळच्या टपालगाडीने स्वतः व्हिएन्नाला गेली. कागदाला तळ्याचा वास येत होता आणि कोपऱ्यात माशाचा एक खवला चिकटला होता. तो तिने काढला नाही.

उत्तर मार्चमध्ये आले. तळी पुन्हा भरत होती. या वेळी काउंट दारातच उभा होता. तेक्लाच्या आधी त्याने पाकीट घेतले, फोडले, वाचले, आणि बहिणीला एक शब्द न सांगता, टोपीसुद्धा न घेता निघाला. तेक्लाला त्याच्या चालीवरूनच कळले. लंगडत होता, पण पळत होता. ती खुर्चीत बसली आणि लहान मुलीसारखी टाळ्या वाजवू लागली.

काउंट रोझिनाच्या घरी पोहोचला तेव्हा ती बटाटे सोलत होती. त्याने कागद पुढे केला.

"मला वाचता येतं होय?" ती म्हणाली. "वाचा तुम्हीच."

तो वाचू लागला. मान्यवर मंडळाने एकमताने ठरवले होते. 'काउंट एमरिख फॉन राइनशाख हे हुकुमाची वाट न पाहता, सर्वांच्या आधी, एकटे…' इथे त्याचा आवाज खाली गेला.

"पुटपुटू नका. मोठ्यानं."

"'…एकटे दलदलीत उतरले व तुकडीला सुखरूप पलीकडे नेले. बाराशे जखमी वाचले. कर्नलचा अहवाल रद्द करण्यात येत आहे. या कामी पडलेल्या एकतीस जणांपैकी एकही वाया गेलेला नाही.'"

रोझिनाने सुरी खाली ठेवली. शेवटचे वाक्य तिने पुन्हा वाचायला लावले. मग आणखी एकदा. मग ती उठली, हात पुसले, आणि खिडकीची दोन्ही दारे धाडकन उघडून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"वाल्बुर्गा! अगं, इकडे ये! सगळ्यांना घेऊन ये! माझ्या किलियानची बातमी आलीय!"

बायका धावत आल्या. रोझिनाने काउंटला खिडकीत उभे केले. त्याने कागद वर धरला आणि पहिल्या अक्षरापासून, मोठ्याने, एकही शब्द न गिळता वाचायला सुरुवात केली.